चवदार तळ्याची 'शुद्धी' आणि पवनारची धाम नदी

पवनारला धाम नदीच्या काठी उभे राहिलो की आम्हाला महाड आठवते. विनोबा 1938 साली येथे राहायला आले. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच पात्रात विसर्जित झाला. म्हणून लोक या पाण्याला पवित्र मानतात. परंतु पवित्र पाणी स्वच्छ असतेच असे नाही, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. सनातन्यांच्या मते तळे बाटले! त्यांनी 108 घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्रोच्चारात घागरी परत तळ्यात बुडवल्या. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, हे त्यांचे शास्त्र. हायकोर्टाने आपला हक्क मान्य करायला 17 मार्च 1937 उजाडला.

खरे शास्त्र काय सांगते? 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवले की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की पाण्याचे विघटन होते. 1977 साली फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाने पाण्यातील सायनाइड नष्ट केले. प्रकाशामुळे पदार्थातला इलेक्ट्रॉन सुटतो, त्यातून अतिक्रियाशील मूलके तयार होतात आणि ती रंग, कीटकनाशके, जंतू यांना मोडून टाकतात. कण नॅनो आकाराचे केले की पृष्ठभाग वाढतो, काम वेगाने होते. कापसाच्या पट्ट्यात, जिथे फवारणीचे विष ओढ्यात उतरते, तिथे याचे मोल मोठे आहे.

मात्र भाबडेपणा नको. हा पदार्थ अतिनील किरणांवर चालतो आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम पाच टक्के असतात. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही. वापरलेले कण पाण्यातून परत काढावे लागतात. फ्लोराइड तर तसेच राहते. 'नॅनो' हा नवा मंत्र आणि संयंत्र ही नवी घागर होऊ नये, एवढीच आमची सूचना.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गावात कोणतेही तंत्र येवो, आधी आणि नंतरच्या पाण्याची तपासणी जाहीर करा. पहिला नमुना घाटावरचा नको, आमच्या वस्तीच्या हातपंपाचा घ्या. महाडला प्रश्न पाणी पिण्याच्या हक्काचा होता. आज तो स्वच्छ पाणी पिण्याच्या हक्काचा आहे.

जय भीम!