सुहास
सुहास : मराठी भाषकांत मुलगा आणि मुलगी दोघांनाही ठेवले जाणारे नाव. संस्कृत ‘सु’ (सुंदर) आणि ‘हास’ (हसू) यांपासून ते बनले. अर्थ ‘गोड हसणारा’ किंवा ‘गोड हसणारी’. ‘सुहासिनी’ मात्र फक्त स्त्रियांचे नाव.

‘दुनियादारी’चे लेखक सुहास शिरवळकर (१९४८–२००३) पुरुष, तर ‘बॅरिस्टर’ नाटकात गाजलेल्या सुहास जोशी या अभिनेत्री. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीतल्या दारावर नुसते ‘सुहास’ वाचून ते पुरुषाचे नाव की स्त्रीचे, याचा पत्ता लागत नाही. ‘सुहास आला’ की ‘सुहास आली’ हे कानावर पडले की उलगडा होतो.

वेल्समधले ‘मॉर्गन’ हे मूळचे पुरुषांचे नाव आता मुलींनाही ठेवतात. मराठीत ‘किरण’ हेही ‘सुहास’सारखे मुलगा-मुलगी दोघांचे नाव.