मुंबईचा प्लेग : लोक रुग्ण का लपवत होते?
वांद्र्याच्या गल्ल्यांतले काही जुने क्रूस प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकेसियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मग घरोघरी तपासणी आणि रुग्णांना सक्तीने हलवणे सुरू झाले. लोक घाबरून आजारी माणसाला लपवू लागले. त्यांची भीती समजण्यासारखी होती; खात्रीचा उपचारच नव्हता. हजारो लोकांनी शहर सोडले आणि साथही त्यांच्याबरोबर बाहेर गेली.

उंदरांवरच्या पिसवा चावल्याने प्लेग होतो. अचानक थंडी वाजून ताप येतो, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते. आज स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. मात्र औषध लवकर सुरू व्हायला हवे. घराजवळ उंदीर मरून पडत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा.