खटका

सत्तरी उलटली आणि वडिलांच्या कानांनी हळूहळू रजा घेतली. संध्याकाळच्या बातम्या आणि रात्रीचे गाणे एवढीच त्यांची चैन. ती चालू राहावी, पण शेजाऱ्यांची झोप मोडू नये, म्हणून मी एक हेडफोन ॲम्प्लिफायर घरीच तयार केला. इतिहासात एम. ए. झालेल्या आणि कचेरीत फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाने तारांना डाख देत बसावे, हे घरच्यांना विनोदी वाटले. तसे ते होतेही. पण पेटी झाली, आवाज स्वच्छ आला, आणि दर्शनी बाजूला मी एक छोटे बटण बसवले.

एके दिवशी पेटी घुरघुरू लागली. बटण बंद करून झाकण काढले, आतल्या रोहित्राच्या टोकाला बोट लागले आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणून मागे फेकला गेला. ‘‘बटण बंद केले होतेस ना रे?’’ वडिलांनी विचारले. केले होते. टेस्टर लावून पाहिला, तर बंद पेटीतही तो उजळला. चूक माझीच होती. बटण मी एकाच तारेत घातले होते, आणि दोन पिनांचा प्लग त्या दिवशी उलटा खोचला गेला होता. त्यामुळे बटण तोडत होते ती परतीची, न्यूट्रलची तार. फेजची तार मात्र थेट आत येऊन बसली होती. पेटी गप्प होती, निर्जीव नव्हती. झाकणाला हात घालण्यापूर्वी प्लग उपसायला हवा होता, हे शहाणपण नंतरचे.

मग दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे बटण आणले. त्याला मागे सहा पाय असतात: मधले दोन आत येणाऱ्या तारांचे, आणि वरच्या किंवा खालच्या जोडीला पुढे जाणाऱ्या तारा. गंमत अशी की दांडी वर केली म्हणजे बहुधा खालची जोडी जुळते. हे ठाऊक नसलेल्याचा ‘चालू’ हा ‘बंद’ होऊन बसतो. त्या बटणाच्या अंगावर दोन आकडे कोरलेले होते. उलटसुलट वाहणाऱ्या, म्हणजे एसी विजेसाठी २५० व्होल्ट. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी विजेसाठी मात्र जेमतेम ३०. वस्तू एक, आणि तिच्या योग्यतेत एवढे अंतर का? ह्या प्रश्नाने मला इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल शहरी नेले.

१८७९ च्या फेब्रुवारीत त्या शहरी जोसेफ स्वान याने आपला विजेचा दिवा विद्वानांच्या सभेत दाखवला. पुढच्याच वर्षी, १८८० च्या अखेरीस, तोफांचे प्रसिद्ध कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या क्रॅगसाइड या जवळच्या वाड्यात स्वानचे दिवे लागले. वीज पाण्याच्या जोरावर तयार होई. ग्रंथालयातले काही दिवे मिनाकारीच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणीच्या तळाची तार पाऱ्याच्या वाटीत बुडे. दिवा मालवायचा तर फुलदाणीच उचलायची, लावायचा तर पुन्हा जागेवर ठेवायची! आज हे ऐकून हसू येते. पण वीज जोडावी कशी, यापेक्षा ती तोडावी कशी, हा प्रश्न तेव्हा खरोखरच सुटलेला नव्हता.

कारण वीज सहजासहजी तुटत नाही. दोन धातू हळूहळू दूर केले की मधल्या फटीतून ती ज्योतीच्या रूपाने वाहतच राहते, आणि ती ज्योत पितळ वितळवते, लाकूड पेटवते. सुरुवातीच्या बटणांत तोडण्याचा वेग माणसाच्या हातावर अवलंबून असे. दबकत फिरवणाऱ्या भित्र्या हाताखाली धोका अधिक. १८८४ साली न्यूकॅसलच्याच शील्डफील्ड भागात जॉन हेन्री होम्स या क्वेकर पंथाच्या अभियंत्याने यावर तोड काढली. हात कितीही सावकाश चालो, ठरावीक बिंदूपलीकडे गेला की यंत्रणाच खट्‌कन सुटते आणि धातू क्षणार्धात अलग होतात. ज्योतीला वाढायला उसंतच मिळत नाही. स्वानचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. होम्सचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि हा मला थोडा अन्याय वाटतो.

त्या दोन आकड्यांचे कोडेही इथेच सुटते. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. तेवढ्यात ज्योत आपोआप विझते. एकाच दिशेच्या विजेला अशी विश्रांती नाही. म्हणून तिच्यापुढे बटणाची पत कमी.

नवे बटण मी बसवले. बटण बंद केले की त्याच्या पुढे टेस्टर आता कुठेही उजळत नाही. रात्री गाणे संपले की वडील हेडफोन उतरवतात आणि दांडी खाली करतात. खटक्याचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. ते क्षणभर बोट तसेच ठेवतात, दांडी उडी मारून स्थिर झाल्याचे बोटालाच कळते, आणि मग ते प्लगकडे हात नेतात.