कोऱ्या जागेची कुळकथा

१९९६च्या आसपास बनलेल्या एखाद्या वेबपानाचा कोड उघडला, तर त्यात एक चित्र पुन्हापुन्हा सापडते. रुंदी एक पिक्सेल, उंची एक पिक्सेल, रंग कोणताच नाही. हे पारदर्शक चित्र वीस पिक्सेल ताणले की दोन मजकुरांमध्ये तेवढी फट पडायची. डेव्हिड सीगल यांच्या 'क्रिएटिंग किलर वेब साइट्स' या पुस्तकाने ही युक्ती त्या वर्षी सर्वदूर नेली. पान लिहायच्या एचटीएमएल या भाषेला शीर्षक कळे, परिच्छेद कळे, तक्ता कळे. 'इथे बोटभर जागा सोड' हे मात्र त्याला सांगता येत नसे. मग लोक अख्खे पान एका अदृश्य तक्त्यात बसवत आणि फटींमध्ये ही न दिसणारी चित्रे ठोकत.

छापखान्यातल्या जुळाऱ्याला यात काही नवल वाटले नसते. शिशाच्या छपाईत कोरी जागा ही हाताने उचलून ठेवायची वस्तूच होती. दोन शब्दांमध्ये स्पेस, परिच्छेदाच्या आरंभी क्वाड, दोन ओळींमध्ये लेड म्हणजे शिशाची पातळ पट्टी. उंचीला हे सगळे खिळ्यांपेक्षा कमी, म्हणून त्यांना शाई लागत नसे. पण ते नसते तर शेजारची अक्षरे जागेवर उभीच राहिली नसती.

देवनागरीचा कारभार याहून अवघड. मुंबईकडे रुळलेल्या 'डिग्री' पद्धतीत एकेक ओळ तीन थरांत जुळवली जाई: मधे अक्षरे, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. 'दौलताबाद' जुळवायचे तर मात्रा फक्त पहिल्या अक्षरावर. उरलेल्या अक्षरांच्या डोक्यावर रिकामे शिसे बसवायचे. 'खुलताबाद'मध्ये उकार एकट्या ख-खाली, पुढे सगळीकडे पुन्हा भरणी. म्हणजे छापून आलेल्या ओळीतला बराचसा भाग कोणीतरी न छापण्यासाठी जुळवलेला असे. बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ (१९७१) ज्याला चाळायला मिळेल, त्याने चाळावाच. आपली लिपी शिशात उतरवताना किती डोकी झिजली ते कळते.

त्याआधी पोथ्या. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. हातकागदाचे हे गाव आपली परंपरा थेट मुहंमद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी देवगिरीला हलवली त्या काळाशी जोडते. असा घोटलेला कागद लेखकाच्या हाती आला की लेखणीआधी मिस्तर लागे. मिस्तर म्हणजे ओळींच्या अंतराने दोरे ताणून शिवलेला पुठ्ठा. त्यावर कागद ठेवून अंगठ्याने घासले की दोऱ्यांचे वळ कागदावर उठत आणि अक्षरे त्या वळांच्या आधाराने चालत. फारसी हस्तलिखितांच्या लेखकांचे हे नेहमीचे हत्यार. देवनागरी पोथीत मजकुराच्या दोन्ही बाजूंना उभ्या तांबड्या रेघा ओढत आणि त्यांच्या बाहेर समास सोडत. तो शोभेसाठी नव्हे. सुटलेले अक्षर तिथे लिहायचे, पानाचा आकडा तिथे घालायचा, आणि हाताचा घाम व पानाच्या कडांची झीज अक्षरांपर्यंत येऊ द्यायची नाही.

एवढी जुनी विद्या पडद्यावर आली तेव्हा जवळपास शून्यावर आली. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या होकून व्हियुम ली यांनी 'कॅस्केडिंग एचटीएमएल स्टाइल शीट्स'चा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ला कॅस्केडिंग स्टाइल शीट्स अर्थात सीएसएसची पहिली आवृत्ती मान्य झाली. तिने प्रत्येक मजकुराला एक चौकट दिली. चौकटीच्या आत पॅडिंग, मग बॉर्डर, तिच्या बाहेर मार्जिन. ओळींमधल्या शिशाच्या पट्टीची जागा लाइन-हाइटने घेतली. कोरी जागा आता ठोकायची नव्हती, नुसती सांगायची होती.

पण चौकट मोजायची कुठून, यावरून घोळ झाला. रुंदी ३०० पिक्सेल, पॅडिंग दोन्हीकडे वीस-वीस, बॉर्डर एक-एक. सीएसएसच्या नियमाने पडद्यावर ३४२ पिक्सेलची चौकट येई; मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एक्स्प्लोररमध्ये ३००चीच, कारण त्याच्या हिशेबात पॅडिंग आणि बॉर्डर धरूनच रुंदी होती. सिडकोत घर घेताना कार्पेट की बिल्टअप असे विचारावे लागते, तसलाच हा वाद. नियम मोडला म्हणून एक्स्प्लोररने भरपूर शिव्या खाल्ल्या. माझ्या मते त्याचे मोजमापच माणसाच्या डोक्याला धरून होते. पुढे बॉक्स-सायझिंग नावाची सोय आली आणि आज बहुतेक जण कामाच्या पहिल्याच ओळींत ती 'बॉर्डर-बॉक्स' करून टाकतात, म्हणजे नेमके ते शिव्या खाल्लेले मोजमाप.

चौकट कुठे ठेवायची ते सांगणारे पोझिशनिंग मागाहून आले. १९९७मध्ये नेटस्केपने स्वतःचा 'लेयर' टॅग काढला होता. तो मागे पडला आणि १२ मे १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत रिलेटिव्ह, ॲब्सोल्यूट, फिक्स्ड ही त्रयी पक्की झाली. रिलेटिव्ह चौकट सरकते, पण तिची मूळ जागा राखून ठेवलेली असते. ॲब्सोल्यूट चौकट मजकुराच्या प्रवाहातून उठते, तिची जागा मागचे लोक भरून काढतात आणि ती स्वतःला सामावणाऱ्या जवळात जवळच्या पोझिशन दिलेल्या चौकटीपासून अंतर मोजते. फिक्स्ड पडद्याला चिकटते. नवशिक्याला ॲब्सोल्यूटचा मोह फार. आकडे टाकले की सगळे हवे तिथे बसते.

बसते, पण मजकूर बदलेपर्यंतच. २४ फेब्रुवारी २०२३ला केंद्राची मान्यता येऊन औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आता एक बटण डोळ्यांसमोर आणा: रुंदी ९० पिक्सेल, उंची एका ओळीपुरती बांधलेली, शेजारची चौकट डावीकडून १०० पिक्सेलवर ॲब्सोल्यूट. 'औरंगाबाद' त्यात आरामात मावते. 'छत्रपती संभाजीनगर' एक तर दोन ओळींत मोडते आणि खालच्या कडेतून बाहेर डोकावते, किंवा ओळ मोडू दिली नाही तर शेजाऱ्याच्या अंगावर जाते. हेच बटण रुंदी-उंची न देता आत नुसते पॅडिंग देऊन आणि शेजाऱ्याला प्रवाहातच ठेवून केले असते, तर ते नावाबरोबर फुगले असते आणि शेजारी आपसूक सरकला असता. तक्त्यांच्या काळानंतर फ्लेक्सबॉक्स आला, २०१७मध्ये मोठ्या ब्राउझरांत ग्रिड आला. दोन्हींचा भर याच सरकण्यावर आहे.

याच शहरात दुसरा पेचही रोज समोर असतो. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम इथूनच चालवले, 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१मध्ये इथेच निघाले, आणि आजही मराठी व उर्दू पाट्या इथे शेजारी लागतात. मराठी यादीला 'मार्जिन-लेफ्ट' दिले तर ती नीट आत सरकते. तीच शैली उजवीकडून सुरू होणाऱ्या उर्दूला लावली की जागा ओळ संपते त्या बाजूला सुटते. म्हणून आता डावे-उजवे न म्हणता 'मार्जिन-इनलाइन-स्टार्ट' म्हणतात: लिपी जिथून सुरू होते ती बाजू.

वरखालीचे मात्र अजून मिटलेले नाही. लाइन-हाइट 'नॉर्मल' असेल तर १.० ते १.२ धरावी, अशी शिफारस पहिल्या आवृत्तीपासून आहे. रोमन अक्षरांना ती पुरते. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार तेवढ्यात एकमेकांना भिडतात. दीडच्या खाली मराठी मजकूर वाचायला देऊ नये, असे मला वाटते. नस्तालिक उर्दू तर शब्दागणिक उजवीकडून डावीकडे उतरत जाते, तिला त्याहून जास्त लागते. शिवाय छापखान्यातले लेड दोन ओळींच्या मधे बसायचे. सीएसएस ती जागा अर्धी ओळीच्या वर, अर्धी खाली वाटते. त्यात फॉन्टच्या आत वर आणि खाली सुटलेली जागा सारखी नसते, म्हणून बटणातला मजकूर थोडा वर किंवा थोडा खाली वाटतो. ही जादा जागा छाटायला 'टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम' नुकतेच काही ब्राउझरांत आले आहे. वरची कड कुठे छाटायची हे त्याबरोबर निवडता येते, उदाहरणार्थ कॅपिटल अक्षरांच्या माथ्याशी, किंवा लहान एक्सच्या. त्या यादीत शिरोरेषा नाही.