भोंग्याचें कुळ

धोक्याचा भोंगा म्हटला कीं युद्धच आठवतें. परंतु त्याचें कुळ निराळें आहे. १८१९ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यानें भोकें पाडलेली तबकडी हवेच्या झोतापुढें फिरविली. झोत आळीपाळीनें अडे व सुटे. त्या धक्क्यांचाच स्वर होई. सेकंदास जितके धक्के तितकीं कंपनें. त्यामुळें स्वराचें मोजमाप करतां आलें. हें यंत्र पाण्याखालींहि गाई, म्हणून त्यास ग्रीक पुराणांतील सायरेनचें नांव मिळालें.

खलाशांना भुलवून बुडविणारीचें नांव पुढें जीव वांचविणाऱ्या यंत्रास लाभलें! दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें चढउताराचा सूर म्हणजे संकट व अखंड एकच सूर म्हणजे अभय, असा संकेत होता. १९५२ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १८० अश्वशक्तीच्या एंजिनावर चालणारा भोंगा काढला. १०० फुटांवर त्याचा आवाज १३८ डेसिबल भरे.

आज असे जुने भोंगे हौशी मंडळी दुरुस्त करून जपतात. हें निव्वळ वेड नव्हे. ग्रंथांत भोंग्याचें वर्णन सांपडेल. परंतु हजारों कुटुंबांना तळघराकडे धांवविणारा तो सूर कागदावर उतरत नाहीं. तो कानांनींच ऐकावा लागतो.