कपाटाकडून बांधाकडे

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. हवामान, जमीन आणि पीक यांच्या नोंदींवरून पाणी केव्हा आणि किती द्यावे, याचा हिशेब त्यातून मिळतो. अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा हिशेब चुकला तर पीकच हातचे जाते. पण इतकी आकडेमोड खिशात मावणाऱ्या यंत्राला कशी काय जमू लागली?

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतात घडवलेला संगणक पूर्ण झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे वीजप्रवाह सोडणारी किंवा अडवणारी काचेची नळी. ती तापवावी लागे, म्हणून वीज भरपूर लागे आणि यंत्र मोठ्या कपाटांएवढे होई. तेच काम ट्रान्झिस्टर न तापवता करतो. जॅक किल्बी (१९५८) आणि रॉबर्ट नॉइस (१९५९) यांनी अनेक घटक अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यावर बसवण्याच्या रीती शोधल्या. हीच चिप. १९७१ च्या 'इंटेल ४००४' मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे जवळजवळ टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हइतकेच, पण नखापेक्षा लहान जागेत! २०२० मधल्या 'ॲपल एम१' चिपमध्ये ते १,६०० कोटी झाले.

ट्रान्झिस्टर लहान झाला की तो कमी विजेवर आणि जलद चालतो. मात्र याला मर्यादा आहे. सिलिकॉनच्या शेजारच्या दोन अणूंत सुमारे ०.२४ नॅनोमीटर अंतर असते. विजेला अडवणारा थर काही अणूंइतकाच पातळ उरला, की इलेक्ट्रॉन त्यातूनही निसटतात आणि चिप विनाकारण तापते. (आजच्या चिपचे '३ नॅनोमीटर' हे पिढीचे नाव आहे, ते प्रत्यक्ष माप नव्हे.) म्हणून आता चिपा एकावर एक रचणे आणि एकाच कामासाठी खास चिप बनवणे, असे मार्ग धरले जात आहेत.

अशा स्वस्त, कमी विजेवर चालणाऱ्या चिपा उद्या मातीतला ओलावा मोजून ठिबकची झडप स्वतः उघडतील. पूर्वी प्रश्न घेऊन यंत्रापाशी जावे लागे, आता यंत्र प्रश्नापाशी येत आहे. मात्र नोंदी चुकीच्या असतील तर उत्तरही चुकीचेच येणार. तेव्हा शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवून मुलांना रोज पाऊस मोजायला लावा. चिपची ओळख तिथूनही सुरू करता येईल.