सात कोटी वर्षांचा शिंपला, साठ वर्षांचे रत्न

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लालहिरव्या झळाळीचे अ‍ॅमोलाइट सात कोटी वर्षांचे रत्न म्हणून विकले जाते. ते ज्यापासून बनते तो शिंपला तेवढा जुना आहे, यात वाद नाही. माकुलाचा नातलग असलेला अमोनाइट तिथल्या बेअरपॉ समुद्राच्या चिखलात गाडला गेला आणि त्याच्या कवचातले अ‍ॅरागोनाइट हे खनिज तसेच टिकले. इतरत्र बहुधा त्याचे कॅल्साइट होते. टिकलेल्या अ‍ॅरागोनाइटच्या पातळ पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात. पण रत्न म्हणून त्याचे वय जेमतेम साठ वर्षांचे, आणि ते कारागिराने घडवले, असे माझे मत आहे. कारण हा रंगीत थर सहसा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा आणि इतका मऊ की धुळीतल्या वाळूनेही ओरखडे पडावेत. 1960च्या दशकात त्यावर क्वार्ट्झचे पारदर्शक टोपण चिकटवले गेले, तेव्हा कुठे तो अंगठीत बसवण्याजोगा झाला. पुढे खाली शेल खडक, मध्ये कवच, वर स्पिनेल असे तिपदरी खडेही आले. हाताने दागिना घडवणाऱ्याला आजही त्याच्या कलाने घ्यावे लागते. डाख लावणे, आम्लात उजळणे ही कामे आधी उरकून खडा शेवटी कोंदणात बसवायचा. फुंकणीची आच त्याला सोसत नाही आणि आम्लात अ‍ॅरागोनाइट विरघळते.

यावर कोणी म्हणेल, तिथले ब्लॅकफूट लोक अमोनाइटचे तुकडे कितीतरी आधीपासून जपत आले आहेत. खरे आहे. पण त्यांचा 'इनिस्किम' हा बायसनांना बोलावणारा पवित्र दगड. तो विधीच्या गाठोड्यात राहतो. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्रामही बहुधा अमोनाइटच असतो, म्हणून काही त्याला कोणी दागिना म्हणत नाही. पूजेचा इतिहास अलंकाराच्या नावावर जमा करणे विक्रीला सोयीचे, इतकेच.

दुसरा आक्षेप असा की चिकटवलेला खडा नकली. तसे असेल तर ओपलचे तिपदरी खडेही बाद करावे लागतील. टोपण रंगाचे रक्षण करते. रंग मात्र कवचाचाच. जागतिक जवाहीर महासंघाने 1981मध्ये अ‍ॅमोलाइटला रत्नाचा दर्जा दिला, 2004मध्ये ते अल्बर्टाचे अधिकृत रत्न झाले. बिनटोपणाचे खडेही मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांत राळ मुरवलेली असते. फसवणूक होते ती हे दडवल्यावर. तेव्हा घेताना खडा किती पदरी आणि राळ मुरवलेली आहे का, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.